काळकुसळीचं मडकं

आमच्या बाबांना चूक कबूल करण्यापेक्षा विहीर खणणं सोपं वाटतं. त्यांच्या रागाला घरात आम्ही कोणी राग म्हणत नाही, 'बाबांचं मत' म्हणतो. आत्याबद्दल त्यांचं मत होतं. मी पाळण्यात असताना ते झालं आणि पुढे माझ्यापेक्षा जास्त लाडात वाढलं. खाडीच्या या काठाला आम्ही, त्या काठाला आत्या. मधे पूल झाला, पुलावरून बस सुरू झाली, तिच्या नवऱ्याची होडी बंद पडली, तो बिचारा वारलाही. पण बाबा काही पलीकडे गेले नाहीत. आत्याचे यजमान गेले तेव्हा दोन तास उभे राहून आले, ते स्मशानात. घरी नाही. ते जाणं धरायचं नाही, असं दोघांचंही मत.

यंदा जावं लागलं, ते शेतामुळे.

आमचं शेत खाडीला लागून, सखल. मधे बांध आहे म्हणून ते शेत, नाहीतर ती खाडीच. गेली काही वर्षं उधाणाचं पाणी बांधाच्या डोक्यावरून यायला लागलंय. पूर्वी म्हातारे सांगायचे, अमक्या दिवशी पाणी इथवर येईल, आणि ते तिथवर येऊन शहाण्यासारखं परत जायचं. आता पाण्याला ताळतंत्र उरला नाही. येतं, बसतं आणि जाताना मीठ ठेवून जातं. उन्हाळ्यात शेतात चाललं की पायाखाली कुरकुर वाजतं. गेल्या वर्षीची रोपं वीतभर झाली आणि शेंड्यापासून करपत खाली आली. त्याच्या आदल्या वर्षी निम्मं पीक आलं होतं. तेव्हा निम्म्याचं दुःख केलं होतं, आता त्या निम्म्याची आठवण काढून जेवतो.

दादाने यंदा सरळच सांगून टाकलं. त्याला शहरात टेम्पो चालवायचं काम मिळालंय, पेरणी आटपेपर्यंत मालक थांबणार आहे. पेरलेलं उगवलं तर दादा इथेच राहणार. नाही उगवलं तर घराला कुलूप, आणि दादा, वहिनी, बाबा शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत.

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?" बाबा म्हणाले.

"बसा," दादा म्हणाला. "आराम करा."

आयुष्यात बाबांना कोणी इतकं वाईट बोललं नव्हतं. आणि दादा ते प्रेमाने बोलला होता, म्हणून त्यावर भांडताही येईना.

कृषी कार्यालयातल्या बाई माती तपासायला आल्या. बाई भल्या आहेत. बुटात पाणी गेलं तरी चिखलात उतरतात. त्यांनी बाटलीत माती घोळली, यंत्र बुडवलं, आकडा बघितला आणि तो आम्हाला सांगितलाच नाही. म्हणाल्या, "आमच्याकडे खाऱ्या जमिनीचं एक बियाणं आहे. पण खोटं कशाला सांगू, गेल्या वर्षी शेजारच्या गावात दिलं होतं, तिथे इतक्या मिठात तेही टिकलं नाही." मग बाबांकडे वळून विचारलं, "हा बांध व्हायच्या आधी तुम्ही लोक काय लावायचात?"

बाबा पायाचा चिखल पुसत राहिले. पुसून झालेला पाय परत पुसायला घेतला. शेवटी मीच म्हणाले, "काळकुसळी."

काळकुसळी म्हणजे आमच्याकडचं जुनं भात. दाणा जाड, लाल, आणि टोकाला लांब काळं कुसळ. पाणी चढलं की ते पाण्याबरोबर उंच व्हायचं, खाऱ्याला घाबरायचं नाही. पण खायला महाकठीण. जावई परत येऊ नये असं वाटत असेल तर त्याला काळकुसळी वाढावी, असं आमच्याकडे म्हणायचे. आजोबांच्या लहानपणी सगळा किनारा बुडाला होता, त्या वर्षी गाव काळकुसळीवर जगलं. तेव्हा जावयांनीही मुकाट्याने खाल्ली असणार.

आणि या भाताची एक रीत होती. आपलं बी आपल्या घरात ठेवायचं नाही. मडक्यात भरायचं, तोंड ओल्या मातीने लिंपायचं, मातीवर मालकाने अंगठा उठवायचा आणि मडकं दुसऱ्या घरी ठेवायला द्यायचं. एक घर बुडालं, जळालं, तरी बी वाचावं म्हणून. आणि त्याहूनही, उपासमारीत हात जाऊ नये म्हणून. घरात असलेलं बी पोटाला बरोबर सापडतं, असं म्हातारी माणसं म्हणायची. ज्याच्याकडे ठेवलं त्याने ते फोडायचं नाही, पेरायचं नाही, आणि 'ने रे बाबा तुझं' असंही म्हणायचं नाही. पेरणीच्या आधी मालकाने जायचं आणि मागायचं. आमचं मडकं आत्याकडे असायचं. तिच्या घरी शेत नव्हतं, होडी होती. तिच्याकडे फक्त ठेवायला जागा आणि शिस्त होती.

मग नवा बांध झाला. चांगला उंच, दगडी. त्याच्याबरोबर पांढऱ्या भाताची पोती आली. लोकांनी आपापली मडकी मागून आणली आणि कोंबड्यांपुढे ओतली. त्या दिवशी बांधावर सभा होती. बाबा बांध समितीचे प्रमुख, गळ्यात हार, अंगात दहा हत्तींचं बळ. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "एक वाफा तरी जुनं लाव. बांध माणसांनी बांधलाय, पाणी काही माणसांचं ऐकत नाही." बाबांनी हसून उत्तर दिलं, "अक्का, तुझं ते कोंबड्यांचं खाणं ठेव तुझ्यापाशी." सगळे हसले. हार घातलेल्या माणसाच्या विनोदाला हसायचंच असतं. आत्या उठली, होडीत जाऊन बसली, आणि पुन्हा या काठाला उतरली नाही.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, बाबांच्या देखत. बाबा बांधाकडे बघत होते.

"त्याला किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. "कठीण आहे. पण कसं ठेवलंय त्यावर असतं. गावात दुसऱ्या कोणाचंच उरलेलं नाही ना? मग आणा तर खरं."

दादा म्हणाला, "आणायला कोण जाणार?"

बाबा म्हणाले, "हिला पाठव." म्हणजे मला.

मी गेले. मला काय, माझं शिवणाचं दुकान घरातच, दाराला कडी लावली की सुट्टी. आत्या जुन्या धक्क्याजवळ राहते. दारात होडी पालथी घातलेली, ओटा सारवल्यासारखा स्वच्छ, आणि त्यावर ती कोणाचं तरी फाटलेलं जाळं गाठत बसलेली.

"आत्या, काळकुसळी आहे का गं तुझ्याकडे?"

"कोणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे कोणाची?"

"बाबांची."

"मग बाबाला पाठव," ती म्हणाली, आणि मला चहा करून दिला. साखर घातली, विचारपूस केली, माझ्या झंपरची शिलाई उलटून बघितली आणि नाक मुरडलं. मडक्याबद्दल एक शब्द नाही. मी हळूच माळ्याकडे बघितलं तर म्हणाली, "मान अवघडेल."

घरी येऊन मी बाबांना निरोप दिला. बाबांनी मत व्यक्त केलं. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले आणि म्हणाले, "बस किती वाजता आहे, ते तरी माहीत आहे का तुम्हाला कोणाला?"

पूल ओलांडताना त्यांनी पुलाला नावं ठेवली. कठडा बुटका, उतार चुकीचा, कंत्राटदार चोर. मी हो हो म्हणत होते. त्यांचे हात मांडीवर एकमेकांना धरून बसले होते, ते मला दिसत होतं.

आत्याच्या दारात पोचल्यावर ते ओट्यावर चढले नाहीत. पालथ्या होडीवर बसले. आत्या दारात येऊन उभी राहिली. दोघांचेही केस पांढरे, दोघांचीही हनुवटी एकसारखी पुढे. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही दाबून मी आपली शेजारच्या बकऱ्यांकडे बघत होते.

"कौलं बदललीस वाटतं," बाबा म्हणाले.

"गळत होती."

"होडीला डांबर लावत जा."

"कोण चालवणार आहे?"

बाबांनी घसा खाकरला. मागण्याचे शब्द ठरलेले आहेत, ते त्यांना पाठ होते, लहानपणापासून वडिलांबरोबर दारोदार जाऊन ऐकलेले. तरी त्यांनी आधी शर्टाची बाही सारखी केली.

"माझं ठेवलेलं न्यायला आलोय," ते म्हणाले.

आत्याने ओठ घट्ट मिटले. मग याचं जे ठरलेलं उत्तर असतं तेच दिलं. "आहे तसं आहे."

मडकं माळ्यावरून तिने स्वतः उतरवलं, मला हात लावू दिला नाही. पुसून लख्ख. तोंडावरची माती दगडासारखी घट्ट, एक तडा नाही, आणि मधोमध बाबांचा अंगठा. रेघ न् रेघ दिसत होती. बाबांनी आपला आत्ताचा अंगठा त्यात ठेवला. मधल्या काळात तो बांधाच्या पाणी सोडायच्या दारात सापडून वाकडा झालाय, तरी बसला. "बसला," ते म्हणाले, माझ्याकडे बघून, एखाद्या पोरासारखे. मला वाटलं, झालं. एवढं झालं म्हणजे आता सगळं होईल.

आत्या आमच्याबरोबर आली. मडकं मालकाच्या घरी पोचेपर्यंत जबाबदारी तिची, असं तिचं म्हणणं. बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. कंडक्टरला चेष्टा सुचली, "आजी, याचं तिकीट?" आत्या म्हणाली, "त्याला बसायला जागा दे, मग तिकीट माग." बाबा खिडकीबाहेर बघत हसले. पुलाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

घरी मडकं फोडलं नाही, ओल्या फडक्याने माती भिजवून हळूहळू सोडवली. आत राखेचा थर, त्याखाली कडू पाला वाळून चुरा झालेला, आणि त्याखाली काळकुसळी. बाबांनी मूठभर तळहातावर घेतली. दाणे गोळीसारखे, कुसळं शाबूत. वास स्वच्छ, वाळलेल्या गवताचा.

"एक किडा नाही," बाबा म्हणाले. "अक्का, एकसुद्धा किडा नाही."

"असेल कसा? दरवर्षी मडकं बाहेरून उन्हात शेकत होते. माळ्याला धूर देत होते." आत्या हे अगदी सहज म्हणाली, पण तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

बाई संध्याकाळी येऊन थोडे दाणे कार्यालयात तपासायला घेऊन गेल्या. उरलेल्यांतले आत्याने थोडे पाण्यात भिजवले, फडक्यात बांधले, पुरचुंडी चुलीशेजारी उबेला ठेवली आणि वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा आडवा ठेवला. "चार-पाच दिवस कोणी उघडायची नाही," ती म्हणाली. "मोड आले की बाकीचं सगळं भिजवू."

तोवर शेत तयार करायचं होतं. आणि ते कसं करायचं, हे दादाला माहीतच नव्हतं. नव्या बांधानंतर वाढलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. काळकुसळी सपाट जमिनीत पेरत नाहीत. आधी शेतभर मातीचे उंचवटे करायचे, ओळीने. पाऊस पडला की त्यांच्या माथ्यावरचं मीठ धुऊन खाली उतरतं, मग बी माथ्यावर टाकायचं. रोपाने जीव धरला की उंचवटा फोडून माती आणि रोपं आजूबाजूला पसरायची. तोवर ते खाऱ्या पाण्यात उभं राहायला शिकलेलं असतं.

"उंचवटा गुडघ्याएवढा," बाबांनी दादाला सांगितलं.

"तुझ्या गुडघ्याएवढा नाही," आत्या बांधावरून म्हणाली. "आपल्या बापाच्या. तू बुटका."

दादा फावडं टेकून हसत सुटला. बाबा बुटके आहेत हे घरात आजवर कोणी बोललं नव्हतं.

ते दिवस मी विसरणार नाही. दादा फावड्याने माती ओढायचा, बाबा हाताने थापायचे, आत्या बांधावर बसून दोघांनाही शिव्या घालायची. दोघं म्हातारे एकमेकांच्या वाक्यात वाक्य घालून सांगायचे. वारा कुठून आला की बी टाकायचं नाही. खेकडे बिळं बंद करायला लागले की उधाण मोठं येणार. एकाला अर्धं आठवायचं, दुसरीला उरलेलं. शेजारचे दोघं-तिघं येऊन उभे राहिले, मग त्यांनीही आपल्या शेतात चार उंचवटे घालून बघितले. म्हणाले, आम्हालाही मूठभर द्या. बाबा म्हणाले, देऊ की, पहिलं पीक येऊ दे, सगळ्या काठाला देऊ. समितीचा प्रमुख बोलत होता. दादाने टेम्पोच्या मालकाला फोन करून सांगितलं, अजून थोडं थांबा, आमचं जमतंय असं दिसतंय. मी शिलाई मशीनवर बसले होते. ते ऐकून मी मशीन थांबवली. इतकं चांगलं आमच्या घरात सहसा चालत नाही.

पुरचुंडी उघडायची नाही असं सांगूनही दादाने एका सकाळी गाठ सैल करून आत डोकावलंच. मग त्याची हाक आली. "आलेत. पांढरं दिसतंय. मोड आलेत."

बाबा उठले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. पुढे आले नाहीत. आत्याने दादाच्या हातून पुरचुंडी घेतली, उजेडात नेऊन उलगडली. दाण्यांच्या टोकाशी पांढरं, कापसासारखं काहीतरी होतं. तिने एक दाणा दोन बोटांत धरून चोळला, नाकाशी नेला.

"बुरशी आहे," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "सगळ्यांनाच?"

आत्याने एक दाणा नखाने फोडून बघितला. आत पिठूळ, राखाडी. दुसरा फोडला. मग फोडत बसली, एकामागून एक, वहिनीने हात धरेपर्यंत.

आम्ही मडक्याच्या तळातले दाणे घेऊन दुसरी पुरचुंडी केली. तळातले जास्त चांगले राहिले असतील, असं बाबा म्हणाले. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तिसरी वहिनीने केली, कोमट पाण्यात. घरातला प्रत्येक जण चुलीजवळून दहा वेळा जात होता. बाहेर उंचवटे ओळीने तयार होते आणि पाऊस वेळेआधीच पडून गेला होता. अगदी हवा तसा. त्यांच्या माथ्यावरची माती मी जिभेला लावून बघितली. गोडी होती, मीठ उतरलं होतं.

कृषीवाल्या बाई आल्या त्या बसल्या नाहीत. हातात झाकणाची काचेची ताटली होती, त्यात ओल्या कागदावर आमचे दाणे मांडलेले. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. "मी सगळं करून बघितलं," त्या म्हणाल्या. "दोनदा. एकही नाही." त्यांचे डोळे भरले होते. "ठेवण इतकी सुंदर होती की मला वाटलं... पण बी कितीही जपलं तरी त्याचा जीव हळूहळू जातोच. दोन-तीन वर्षांनी पेरून नवं करून घ्यावं लागतं."

"माहीत आहे," आत्या म्हणाली.

बाबा तिच्याकडे वळले. "माहीत होतं तुला?"

"तुलाही माहीत होतं. आपल्या बापाने दोघांनाही सांगितलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस? एक निरोप पाठवायचास. हिच्याजवळ द्यायचास, बसमधल्या कोणाजवळही द्यायचास."

"ठेवणाऱ्याने बोलवायचं नसतं." आत्याचा आवाज चढला नव्हता. "दरवर्षी पेरणीच्या आधी मडकं खाली काढत होते. पुसून ओट्यावर ठेवत होते. धक्क्याकडे तोंड करून बसत होते. पूल झाल्यावर बसच्या थांब्याकडे. पेरणी संपली की परत वर."

दादाला राहवलं नाही. "अगं पण आत्या, तुझ्या दारात जागा होती. चार काड्या लावायच्या होत्यास. कोण विचारणार होतं?"

"मी पेरलं असतं तर ते माझं झालं असतं. मग हा मागायला आला असता तेव्हा याला काय दिलं असतं?" तिने बाबांकडे बघितलं. "येणार होतास तू. मला खात्री होती. आज नाही तर पुढच्या वर्षी. आणि तूच म्हणाला होतास ना, ठेव तुझ्यापाशी. ठेवलं."

बाबा खाली बसले. जमिनीवरच, पाट न घेता. "मला वाटलं, तू रागाने कधीच फेकून दिलं असशील," ते म्हणाले. "आणि आलो नि नसलंच, तर लोकांसमोर..." त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. आणि मला त्यांची दया आली नाही, राग आला. दोघांचाही. एकाने तोंड उघडलं नाही, दुसरीने झाकण उघडलं नाही. एवढ्याशा मानपानापायी सगळ्या काठाचं भात मेलं, आणि दोघंही रीतीप्रमाणे चोख वागले होते. मला ओरडायचं होतं. पण समोर दोन म्हातारी माणसं बसली होती, त्यांना ओरडून काय उगवणार होतं?

बाई जाताना म्हणाल्या, दुसऱ्या जिल्ह्यांत विचारते, कुठे तरी असेल. आम्ही हो म्हटलं. त्यांनाही काहीतरी म्हणायला हवं होतं.

दादाने मालकाला फोन केला. "येतो," एवढंच म्हणाला.

मडक्यात बरंच बी उरलं होतं. त्याचं काय करायचं, हे कोणी विचारेना. कोंबड्यांना टाकायची कोणाची छाती नव्हती. शेवटी आत्याच उठली, उखळ मागितलं आणि कांडायला बसली. बी खायचं नसतं, हे मी म्हणणार होते. मग लक्षात आलं, ते आता बी राहिलेलं नाही.

दुपारी तिने ते शिजवलं. शिजायला फार वेळ लागला. आम्ही सगळे ओळीने बसलो. लाल, जाड, मोकळा भात, त्यावर नुसतं मीठ. कोणी दुसरं काही मागितलंही नाही. चावून चावून दाढा दुखल्या. दादाने पहिल्यांदाच खाल्ली होती.

"ही काय वाईट आहे?" तो म्हणाला. "चांगली तर लागते." आणि त्याने परत घेतली.

बाबा खूप हळू जेवत होते. "चव तीच आहे," ते आत्याला म्हणाले. "अक्का, चव गेली नाही."

"हं," आत्या म्हणाली. "जेव."

दुसऱ्या दिवशी दादाचा टेम्पो दारात उभा राहिला. वहिनी भांडी बांधत होती. आत्याने रिकामं मडकं घासून उन्हात वाळवलं होतं. ती शेतात गेली, एका उंचवट्याच्या माथ्यावरची मूठभर ओली माती घेऊन आली, मडक्याचं तोंड लिंपलं आणि बाबांसमोर धरलं. बाबांनी आपला वाकडा अंगठा मातीवर दाबला. जरा जास्तच वेळ दाबून ठेवला.

मी शहरात गेले नाही. आत्याकडे राहायला आले, मशीन ओट्यावर मांडली. तिला माझी शिलाई पसंत नाही, पण गिऱ्हाइकांना आहे. आमच्या शेतातले उंचवटे पहिल्या मोठ्या उधाणात विरघळले. बाई अजून शोधताहेत. दोन ठिकाणांहून बी आणून लावून बघितलं, लागलं नाही.

बाबा तिसऱ्या मजल्यावर बसतात. त्यांचं कशाबद्दलही मत उरलेलं नाही, असं वहिनी सांगते, आणि ते सांगताना तिचाच आवाज घाबरा होतो. परवा त्यांनी स्वतः फोन केला. पेरणीचे दिवस आहेत.

"अक्काने मडकं खाली काढलं का गं?"

मी ओट्यावर बघितलं. "काढलंय बाबा. पुसून ठेवलंय."

"मला यायला हवं मग."

"या की."

"गुडघे जिना उतरू देत नाहीत. दादाला सुट्टी मिळाली की येतो. तिला सांग, मागायला येतो म्हणून."

मी फोन कानाला तसाच ठेवून आत्याला सांगितलं. ती बसच्या थांब्याकडे तोंड करून बसली होती.

"त्याला सांग," ती म्हणाली, "आहे तसं आहे."